दार नुस्तं लोटलेलं हाय

चारठाणा, ता. जिंतूर
१० नोव्हेंबर

ती. बन्सीदादास,

नमस्कार लिहिते तो तू वडील भाऊ आहेस म्हणून. मनातून आलेला नाही, हे आधीच सांगते.

आईच्या तेरवीपासून आपलं बोलणं बंद आहे, त्याला येत्या माघात चार वर्षं होतील. लिहिण्यावर बंदी घालायचं तेव्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही, म्हणून हे पत्र. पंकजा म्हणत होती, "मी लावते की मामाला फोन." मी नको म्हटलं. फोन म्हणजे बोलणंच झालं.

तुझ्या भाचीचं, पंकजाचं लग्न ठरलं आहे. ४ डिसेंबरला, इथंच चारठाण्यात, आमच्या दारापुढच्या मांडवात. मुलगा सेलूचा, शिवशंकर नाव, शाळेवर आहे. पहिली पत्रिका देवापुढे ठेवली आणि दुसरी मामाची म्हणून काल रविवारी मी कुंकवाचा करंडा आणि अक्षता घेऊन पूर्णेला आले. आधी बस, मग परभणीहून रेल्वे. माझा विचार असा होता की मामाला अक्षता द्यायला तोंड उघडावं लागत नाही. कुंकू लावायचं, पत्रिका हातात ठेवायची, पाया पडायचं आणि निघायचं.

तुझ्या दाराला कुलूप नव्हतं. चौकटीवर एक काळं चपटं यंत्र होतं, वर काचेचा डोळा, खाली गोल बटण. ते दाबलं. निळा उजेड गोल फिरला आणि आत घंटी वाजली, ती मला बाहेर ऐकू आली. मग काहीच नाही. दहा मिनिटं मी उन्हात उभी होते, पुन्हा दोनदा दाबलं. शेवटी निघून आले. घरी आल्यावर पंकजाने सांगितलं की अशा यंत्रात आतल्या माणसाला मोबाईलवर सगळं दिसतं. म्हणजे तू मला बघत होतास आणि गप्प बसून होतास.

सख्ख्या बहिणीला दारात उभं करून तिचं चित्र बघत बसणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता. बाकी काही विचारत नाही. पंकजाच्या मागे मामा म्हणून उभा राहणार आहेस का, तेवढं कळव.

कस्तुरा


पूर्णा
१३ नोव्हेंबर

चि. सौ. कस्तुरास आशीर्वाद. राग आलेला आहे, पण आशीर्वादात कपात केलेली नाही.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा डोकं गरगरलं. मी गप्प बसलो? एकतीस वर्षं पूर्णा स्टेशनच्या माईकवर गाड्यांची घोषणा केलेला माणूस गप्प बसला? चुडाव्याच्या रस्त्याला लागलेली माणसं माझा आवाज ऐकून पळत परत यायची, गाडी सुटू नये म्हणून.

तू बटण दाबलंस तसा माझा मोबाईल वाजला. तुझा चेहरा दिसला. मी हिरवं बटण दाबलं आणि बोललो. एकदा नाही, चार वेळा बोललो. "कस्तुरे, आत ये. दार नुस्तं लोटलेलं हाय." हे असं. चार वर्षांचा अबोला मी, वडील असून, मोडला. आणि तू काय केलंस? यंत्राकडे डोळे बारीक करून बघितलंस, पिशवी या हातातून त्या हातात घेतलीस आणि पाठ फिरवलीस. गल्लीच्या टोकापर्यंत तुझी पाठ मला मोबाईलवर दिसत होती. तेव्हापासून मला एकच वाटतंय की मला आधी बोलायला लावायचं आणि मग निघून जायचं, एवढ्यासाठीच ही आली होती.

आणि आता पत्रात लिहितेस की मी गप्प होतो. मी बोललेलं मला आठवतं, तू गेलेली मी पाहिली. मग तुझ्या पत्रातलं खरं कसं मानू? आणि तू खोटं लिहिणारी नाहीस, हेही मला माहीत आहे. काही कळेनासं झालं आहे.

ते यंत्र गोपाळ आणि प्रियांकाने गणपतीत पुण्याहून आणून बसवलं. सासऱ्याला एकट्याला सारखं उठावं लागू नये, ही सुनेची काळजी. वस्तू भारी आहे, त्यामुळे यंत्रावर ढकलू नकोस.

मागे उभं राहायचं म्हणशील, तर अक्षता मिळाल्याशिवाय लग्नाला जाणारा मामा मी नाही. ऐकून गेलीस की न ऐकता गेलीस, एवढं सरळ लिही.

बन्सीधर


चारठाणा
१६ नोव्हेंबर

ती. दादास नमस्कार.

सरळ लिहिते. मी काहीही ऐकलं नाही. आमच्या दारापुढच्या देवळातल्या देवाची शपथ घेऊन लिहिते.

ऐकलं म्हणायचं तर त्या यंत्रातून बाटलीत डास कोंडल्यासारखं काहीतरी गुणगुणलं होतं, तीन-चार वेळा. मला वाटलं, उन्हाने यंत्र तापलं. तो तुझा आवाज होता म्हणतोस? तुझा आवाज मी ओळखत नाही का? लहानपणी तू गोठ्यातून हाक मारलीस की ओढ्यावरच्या म्हशी मान वर करायच्या.

तरी तुझं पत्र आल्यावर माझाच माझ्या कानांवरचा भरवसा उडाला. आमच्या ह्यांना अंगणात उभं केलं आणि म्हटलं, हळू काहीतरी बोला. हे म्हणाले, "चहात आज साखर कमी पडली." मला चुलीपाशी स्पष्ट ऐकू आलं. म्हणजे कान शाबूत आहेत. मग एक तर तू बोलला नाहीस, नाहीतर बोललास पण मला ऐकू जाऊ नये असं बोललास. दुसरं मला जास्त खरं वाटतं. म्हणजे उद्या सांगायला मोकळा, की मी तर बोललो होतो.

तुला वाटेल, कस्तुरा फार ताणते. तेरवीच्या पंगतीत तू जे बोललास ते तुला आठवत नसेल, मला आठवतं. दीडशे माणूस जेवत होतं. मी वाढायला वाकले आणि तू माईकवर बोलतोस त्या आवाजात म्हणालास, "जित्तेपनी यायला हिला टाइम न्हवता, आता जेवायला बरूबर टायमात आली." आई गेली त्या रात्री पंकजा डेंग्यूने जिंतूरच्या दवाखान्यात सलाईनवर होती. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. जेवणारी माणसं हात थांबवून माझ्याकडे बघत होती, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

तुझ्या नावच्या अक्षता पिशवीत गाठ मारून तशाच आहेत. एकदा नाव घेऊन बाहेर काढलेल्या परत ताटात टाकता येत नाहीत आणि पोस्टातही घालता येत नाहीत. त्यांचं काय करावं ते मला कळत नाही.

आणि एक नीट वाच. तुझ्या दारात मी एक शब्दही बोललेले नाही. माझ्याकडून अबोला अजून जसाच्या तसा आहे.

ह्यांचं म्हणणं, जिंतूरचा महारुद्र चुलतमामा लागतो, तो उभा राहायला तयार आहे. महिनाअखेरीपर्यंत मी थांबते. पंकजा म्हणते, "मामा नसंल तर मला मागं कुणीच नको." तिला मी गप्प बसवलं.

कस्तुरा


पूर्णा
१९ नोव्हेंबर

चि. सौ. कस्तुरास आशीर्वाद.

हे पत्र लिहिताना मला फार खजील व्हायला होत आहे, तेव्हा हसायचं असेल तर मधेच हस, शेवटापर्यंत थांबू नकोस.

तुझ्या पत्रातल्या त्या डासाने माझी झोप उडवली. मी मोबाईलवर आवाजाची पट्टी बघितली, ती पार टोकाला होती. गोपाळला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, बंद करून चालू करा." केलं. मग म्हणाला, वायफाय लांब पडत असेल, डबा दाराजवळ न्या. हलवून घेतला. कंपनीच्या नंबरला फोन केला, तर तिथली बाई मलाच म्हणते, "सर, जरा मोठ्याने बोला, तुमचा आवाज येत नाही." मला! मी फोन ठेवून दिला.

मग दूधवाल्या चांगुणाबाईंना विचारलं की यंत्रातून माझं बोलणं ऐकू येतं का. त्या म्हणाल्या, "ते बोलतंय व्हय? मला वाटलं नुस्तं बघतंय." तीन आठवडे मी त्यांना आतून सांगतोय की उद्या अर्धाच लिटर द्या, आणि त्या रोज एक लिटर ठेवून जातात. मी समजत होतो बाई हट्टी आहे. त्यांना बाहेर उभं केलं आणि मी आतून जुन्या सवयीने नांदेड पॅसेंजरची अख्खी घोषणा केली. त्यांचं बोलणं मला आत खणखणीत येत होतं, अगदी बांगड्यांसकट. माझं त्यांच्यापर्यंत काहीच नाही. शेजारचे वहाणा काढून ठेवतात तोही आवाज मला येतो. यंत्र ऐकतं चांगलं, बोलत नाही.

शेवटी शेजारचा धम्मदीप आला. तो रेल्वेत सिग्नलला आहे, वायरीतलं त्याला कळतं. त्याने यंत्र चौकटीवरून काढलं, उलटं केलं आणि खालची बाजू नखाने खरवडून बघितली. मग म्हणाला, "काका, याच्या तोंडात काय भरलंत?"

कस्तुरे, कुंकू. खालच्या बाजूला आवाज यायला बारीक बारीक भोकं असतात, ती सगळी वाळलेल्या कुंकवाने आणि गंधाने लिंपल्यासारखी बंद होती. दोन भोकांत तांदूळ.

तुला माहीत आहे, नोकरीत असताना दर खंडेनवमीला मी माईकची पूजा करायचो. आपल्या हाताखालच्या यंत्राला त्या दिवशी पुजल्याशिवाय मला चैन पडत नाही. निवृत्त झाल्यावर पुजायला घरात मिक्सर आणि इस्त्री उरली. यंदा हे नवं आलं. मी हौसेने ओलं कुंकू कालवून पाच बोटं ओढली, वरून अक्षता चिकटवल्या, झेंडूचा हार घातला. दुसऱ्या दिवशी काचेचा डोळा तेवढा पुसला, कारण चित्र तांबडं दिसत होतं. खाली कशाला पुसायचं, देवाचं कुंकू आहे, राहू दे, म्हटलं. ज्या यंत्राला बोलतं राहा म्हणून पुजलं, त्याचं तोंड मीच बंद केलं.

धम्मदीपने टाचणीने आणि जुन्या दातांच्या ब्रशने ते साफ केलं. आता असं ओरडतं की काल कुरिअरवाला पायरीवरून खाली उतरला.

तेव्हा तू ऐकलं नाहीस हे मला मान्य आहे. मुद्दाम गेलीस असं मी लिहिलं ते मागे घेतो. पण मी बोललो होतो, हेही तू मान्य कर. आवाज पोहोचला नाही, तरी आधी मीच बोललो. अबोला माझ्याकडून मोडला असं धर.

आता अक्षता घेऊन पुन्हा ये. या वेळी ऐकू येईल.

बन्सीधर


चारठाणा
२२ नोव्हेंबर

ती. दादास नमस्कार.

हसले. ह्यांना वाचून दाखवलं, तेही हसले. पंकजाला तर ठसका लागला. मग रात्री भाकरी थापताना पुन्हा सगळं मनात फिरवलं आणि हसू कुठल्या कुठे गेलं.

तू लिहितोस, पुन्हा ये. लग्नघर माझं, बारा दिवस राहिले आहेत, पापड-कुरडयांपासून आहेराच्या साड्यांपर्यंत सगळं माझ्या डोक्यावर. तू मोकळा माणूस. रेल्वेचा पास आहे. तुझं चुकलं असं तूच लिहितोस, मग तू का येत नाहीस? एका दिवसात येऊन परत जाशील.

दुसरं. तुझा पलंग ते दार किती अंतर आहे? पंधरा पावलं नसतील. मांजर आलं तरी बघायला उठणारा तू. चार वर्षांनी बहीण दारात उभी दिसली आणि तू आत पडून मोबाईलमध्ये बोललास? एकदा बोललास, मी आत आले नाही. मग उठायचंस. दोनदा, तीनदा, चारदा बोललास, पण उठला नाहीस. मी पाठ फिरवली तरी उठला नाहीस. कुंकवाने यंत्राचं तोंड बंद झालं असेल, तुझे पाय कुणी बांधले होते?

मला हे जुळत नाही. ह्यांना विचारलं तर हे म्हणतात, "त्याला यायचंच न्हाई, तू उगं कशाला जिवाला लावून घेतीस." महारुद्रला उद्या निरोप धाडायचा का, असं विचारायलेत. मी अजून हो म्हटलेलं नाही.

चिडून लिहीत नाही, दादा. दुखतंय म्हणून लिहिते. खरं काय ते एकदा लिही, म्हणजे मी कुणाच्या तरी हातात त्या अक्षता ठेवून मोकळी होईन.

कस्तुरा


पूर्णा
२५ नोव्हेंबर

चि. सौ. कस्तुरास आशीर्वाद.

पाय बांधलेला आहे. डावा, मांडीपर्यंत, प्लास्टरमध्ये.

दिवाळीनंतर २९ ऑक्टोबरला न्हाणीत घसरलो. धम्मदीपने रिक्षात घालून नांदेडला नेलं. सहा आठवडे पाय टेकवायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. त्याआधी मी स्वतःच दार उघडत होतो, म्हणून यंत्रातून बोलायची कधी गरज पडली नव्हती आणि बिघाड कळला नव्हता. दार दिवसभर लोटलेलं ठेवतो, येणारा येतो, जाणारा जातो. गोपाळ पुण्याला घेऊन जायला आला होता, मी गेलो नाही.

तुला का लिहिलं नाही ते सांगतो. पायाचं कळलं असतं तर तू त्याच दिवशी धावत आली असतीस, बोलली असतीस, रडलीही असतीस. पण ते माझ्या पायाशी बोलणं झालं असतं. कीव आली म्हणून मोडलेला अबोला मला नको होता. आणि आत्ता लिहितोय ते एवढ्यासाठी की तू महारुद्रला निरोप धाडशील.

तू दिसलीस तेव्हा उठायचा प्रयत्न केला. पलंगाच्या कडेपर्यंत आलो. वॉकर कोपऱ्यात होता, हात पुरला नाही. चारदा हाक मारली ती तिथूनच. पाचव्यांदा मारायची होती, पण तू वळली होतीस आणि माझा आवाजच निघेना. हे मी पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं.

पंकजाच्या मागे मीच उभा राहणार. धम्मदीप त्याची गाडी काढतो म्हणाला आहे. मंगलाष्टकं होईपर्यंत एका पायावर उभा राहीन, बगलेत कुबडी असेल, एवढं चालवून घ्या. नवरीला बोहल्यापर्यंत हाताला धरून आणणं जमणार नाही, तेवढं महारुद्रला करू दे.

अबोल्याचं पहिल्या पत्रापासून म्हणतोय तेच पुन्हा लिहितो. आधी मी बोललो. तू काही बोलली नव्हतीस. तुझी बाजू वरचढ आहे, असंच सगळ्यांना सांग.

बन्सीधर


चारठाणा
२८ नोव्हेंबर

दादा,

पत्र पोस्टमनने दिलं तेव्हा मी मांडववाल्याशी बोलत होते. त्याला तसाच उभा ठेवून तिथेच खाली बसले. पाय मोडून महिना झाला आणि मी तुला मांजराचा हिशेब विचारत बसले.

रागवायचं नंतर. आधी दुसरं सांगायचं आहे, ते दोन दिवस माझ्या घशात अडकलं आहे.

मी तुला ठासून लिहिलं की दारात एक शब्दही बोलले नाही. ते खोटं होतं. दुसऱ्यांदा बटण दाबलं, कुणी आलं नाही, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "दादा, लय दिस झाले रे. बघू दे की एकदा तुला." गल्लीत कुणी नव्हतं. मी म्हटलं, भिंतीशी बोललेलं कुठं धरायचं. ते कुणालाच ऐकू गेलं नाही असं समजून मी पत्रात ताठ राहिले.

पण तू लिहिलंस की चांगुणाबाईंच्या बांगड्यासुद्धा तुला आत ऐकू येत होत्या. ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसण्याच्या भरात निसटलं. परवा पंकजा ते पत्र मैत्रिणींना मोठ्याने वाचून दाखवत होती, तेव्हा लक्षात आलं. बांगड्या ऐकू येतात, तर माझं बोलणंही ऐकू आलं. तो डास गुणगुणला तो माझ्या बोलण्यानंतर, म्हणजे तू चारदा मारलेली हाकही त्याच्यानंतरची. म्हणजे आधी मी बोलले. आणि हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

माझं खोटं तुझ्या हातात होतं, दादा. मी एवढं टोचून टोचून लिहिलं, शपथा घातल्या, तुला खोटारडा म्हणायचं तेवढं बाकी ठेवलं. एका ओळीत माझं तोंड बंद करता आलं असतं. तू उलट लिहितोस की आधी मीच बोललो, तसंच सगळ्यांना सांग. तीन पत्रं तू हे पोटात ठेवलंस. तेरवीला बोलणारा तो माणूस आणि हा, दोघे एकच, हे मला आधी पटेना. मग मी न्हाणीत जाऊन रडले. लग्नघरात दुसरीकडे जागा नव्हती.

महारुद्रला निरोप गेला नाही. बोहल्यापर्यंत तुला चाकांच्या खुर्चीतून नेऊ आणि पंकजा शेजारून तुझा हात धरून चालेल, तिनेच ठरवलं आहे. तीच नेणार मामाला, म्हणते. मागे उभं राहायचं तेव्हा हे आणि धम्मदीप दोन्ही बाजूंनी धरतील.

मंगळवारी मी येते. अक्षता घेऊन, आणि या वेळी बटणबिटण न दाबता, दार लोटून सरळ आत. दोन दिवस तुझ्याकडे राहीन आणि गुरुवारी सकाळी आपण सगळे बरोबरच निघू. इथलं मांडवाचं हे बघतील, पोरगी बघेल, चार बायका बघतील. माझ्यावाचून काही अडत नाही.

फक्त एक राहिलं आहे. तेरवीचं. त्याबद्दल तू एकाही पत्रात लिहिलं नाहीस आणि आता लिहूही नकोस. मी पलंगाशेजारी बसल्यावर बोल. तेव्हा तू दीडशे माणसांना ऐकू जाईल असं बोलला होतास. हे मला एकटीला ऐकू आलं तरी पुरे.

कस्तुरा